सकाळी उशिरा उठणारा इन्व्हर्टर: छतावरचा अर्थ फॉल्ट कसा सापडला

घरच्या छतावरची, ग्रिडला (वीज कंपनीच्या पुरवठ्याला) जोडलेली सोलर यंत्रणा आणि तिच्यातला अर्थ फॉल्ट, म्हणजे तारेतली वीज नको तिथे अर्थला गळणं, याबद्दल मी शोधाशोध करत होते तेव्हा दोनच प्रकारचा मजकूर हाती लागायचा. विक्रेत्यांची माहितीपत्रकं, ज्यांत 'सर्व सुरक्षा अंतर्भूत' म्हणून विषय संपतो. नाहीतर इंजिनिअर मंडळींसाठीची मानकं, जी वाचताना दुसऱ्या पानावरच धाप लागते. आमचं प्रकरण जूनअखेरीस सुरू झालं आणि ऑक्टोबरात कागदोपत्री मिटलं. मधल्या काळात जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर नाही. यातलं बरंचसं एका अनुभवी वायरमनकाकांच्या शेजारी वही घेऊन उभं राहून शिकले, उरलेलं रात्री वाचून.

यंत्रणा साधीच आहे. १२ पॅनल, सगळे एकामागोमाग जोडून एकच स्ट्रिंग, साधारण ४ किलोवॉट. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरातल्या एसीत बदलणारी पेटी, ट्रान्सफॉर्मरलेस: आत ट्रान्सफॉर्मर नसलेला. हल्ली घरगुती वापराला बहुतेक हेच असतात. डीसीच्या प्लस किंवा मायनस, कुठल्याच तारेला अर्थ केलेलं नाही. अर्थिंग आहे ते फक्त लोखंडी स्ट्रक्चरला, पॅनलच्या फ्रेमना आणि इन्व्हर्टरच्या पेटीला. हा फरक पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा. स्क्रीनवर 'पीव्ही आयसोलेशन लो', म्हणजे पॅनलच्या बाजूचं इन्सुलेशन कमी. साडेदहाच्या सुमारास दिवा आपोआप हिरवा झाला आणि दिवसभर सगळं सुरळीत. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. यंत्रणा बसवणाऱ्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "अहो मॅडम, दमट हवेने होतं. ऊन पडलं की सुकतं. फारच वाटलं तर एकदा बंद करून चालू करा."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. सुकल्यावर खरंच जातं. पण सुकल्यावर जातं याचा अर्थ फॉल्ट गेला असा होत नाही, तो मोजमापाच्या मर्यादेच्या जरा पलीकडे सरकला एवढाच होतो. 'बंद करून चालू' म्हणजे इन्व्हर्टरला तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, तो उत्तर बदलेपर्यंत.

इन्व्हर्टर रोज सकाळी काय करतो ते समजल्यावर मला हे उमगलं. ग्रिडला जोडून घेण्याआधी तो डीसीच्या तारा आणि अर्थ यांच्यामधला रेझिस्टन्स मोजतो. तारांचं इन्सुलेशन धड असेल तर हा आकडा मोठा येतो, मेगाओहममध्ये. कुठे तार सोलली असेल, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं असेल, तर आकडा कोसळतो आणि इन्व्हर्टर सुरूच होत नाही. किमान किती हवा याचं गणित आयईसी ६२१०९-२ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे: पॅनलच्या बाजूचं कमाल व्होल्टेज भागिले ३० मिलिअँपिअर. आमच्या इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ६०० व्होल्ट, म्हणजे २० किलोओहम. काही कंपन्या याहून कडक आकडा ठेवतात, तो मॅन्युअलमध्ये असतो.

मोबाइलच्या ॲपवर हा आकडा दिसत नव्हता, पण इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर आतल्या मेनूत मिळाला. कोणालाही असा त्रास सुरू झाला तर पहिलं काम हेच करा: आकडा शोधा आणि वहीत लिहायला लागा. तारीख, वेळ, हवा कशी होती, आकडा किती. माझ्या वहीत कोरड्या दिवसाचा आकडा १.८ मेगाओहमच्या आसपास असायचा. रात्री पाऊस झाला की सकाळी साडेसातला १४ किलोओहम, नऊला १७, आणि साडेदहाला २१ झाला की इन्व्हर्टर सुरू. काठावर पास. पुढे या वहीचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच कागदाचा झाला नाही. हा दमटपणा नसून एका जागी काहीतरी उघडं पडलेलं आहे, हे त्या आकड्यांवरून काकांनी छतावर न चढताच ओळखलं.

आता प्रश्न असा, की उघडं पडलेलं असलं तरी एवढं बिघडतं काय? वीज तर तयार होतच होती.

एकटा फॉल्ट असेल तर अशा अर्थ न केलेल्या स्ट्रिंगमध्ये फारसं काही होत नाही, कारण विजेला फिरून परत यायला वाट मिळत नाही. मात्र त्या एका जागी स्ट्रिंग अर्थला बांधली गेलेली असते. उद्या दुसऱ्या एखाद्या पॅनलपाशी आणखी एक तार सोलली, की दोन जागांच्या मध्ये स्ट्रक्चरच्या लोखंडातून रस्ता पूर्ण होतो आणि मधल्या पॅनलची सगळी वीज त्यातून वाहू लागते. घरातल्या वायरिंगमध्ये असं शॉर्ट झालं तर शेकडो अँपिअर वाहतात आणि एमसीबी पडतो. सोलर पॅनलमध्ये तसं होत नाही. पॅनल शॉर्ट केला तरी नेहमीपेक्षा थोडाच जास्त करंट देतो. आमच्या पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट साधारण साडेदहा अँपिअर, आणि डीसी पेटीतला फ्यूज १५ चा. तो कधीच उडणार नाही. वर डीसी असल्यामुळे ठिणगी एकदा धरली की सुटत नाही. एसी दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, डीसी येत नाही. आणि ऊन आहे तोवर पॅनल बंद करता येत नाहीत. खाली सगळी बटणं पाडून ठेवली तरी छतावर चारशे-पाचशे व्होल्ट जिवंतच असतात.

म्हणून इथे फ्यूज किंवा एमसीबीवर विसंबून चालत नाही. पहिला फॉल्ट झाला की तो ओळखणं आणि दुसरा होण्याआधी माणसाने जाऊन तो काढणं, एवढाच उपाय. ओळखायचं काम इन्व्हर्टर करतो. काढायचं काम तो करू शकत नाही.

याचं फार बोललं गेलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ५ एप्रिल २००९ रोजी कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड इथे एका मोठ्या दुकानाच्या छतावरची सोलर यंत्रणा पेटली. तिकडे तेव्हा डीसीची एक बाजू मुद्दाम अर्थ करायची पद्धत होती आणि त्या जोडणीत एक छोटा फ्यूज असायचा. अर्थ केलेल्या बाजूच्याच तारेला फॉल्ट झाला तर त्यातून इतका कमी करंट वाहतो, की फ्यूजला पत्ताच लागत नाही. असा एक फॉल्ट तिथे दडून बसला होता. नंतर दुसरा झाला. तेव्हा फ्यूज उडाला खरा, पण तोवर पहिल्या फॉल्टमधून करंटला वाट तयार होती. आपल्याकडची यंत्रणा जुनी असेल आणि इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरवाला असेल, तर फॉल्ट ओळखायची सोय फक्त फ्यूजची आहे की इन्सुलेशन मोजण्याचीही आहे, हे एकदा विचारून घ्या.

इन्व्हर्टरमध्ये दुसराही एक पहारेकरी असतो, तो दिवसभर जागा असतो. आत जाणारा आणि बाहेर येणारा करंट यांतला फरक तो सतत मोजत राहतो. आमच्या आकाराच्या इन्व्हर्टरला हा फरक ३०० मिलिअँपिअरच्या वर गेला तर ०.३ सेकंदांत ग्रिडपासून सुटावं लागतं. फरकात अचानक उडी आली, म्हणजे कोणीतरी हात लावला असण्याची शक्यता असली, तर मर्यादा कडक होतात: ३० मिलिअँपिअरच्या उडीला ०.३ सेकंद, ६० ला ०.१५, आणि १५० ला ०.०४ सेकंद. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे इन्व्हर्टर चालू असताना डीसीच्या तारा ग्रिडच्या न्यूट्रलमार्फत अर्थशी संबंध ठेवून असतात. तेव्हा उघड्या तारेला हात लागला तर एकच फॉल्टसुद्धा झटका द्यायला पुरतो. म्हणून हा पहारा.

जुलैभर मात्र फोनाफोनी चालली. बसवणारा म्हणाला, इन्व्हर्टरच खोटी सूचना देतोय, वॉरंटीत बदलून घ्या. इन्व्हर्टर कंपनीचं सेवा केंद्र म्हणालं, वायरिंग तपासा. दोघंही आपापल्या जागी ठाम. सेवा केंद्राने तक्रार नोंदवायला जी यादी दिली ती अशी होती: इन्व्हर्टरच्या अनुक्रमांकाच्या पट्टीचा फोटो, बिघाडांची नोंद तारीख-वेळेसकट, यंत्रणा सुरू करतानाचा मूळ चाचणी अहवाल, आणि आता केलेल्या इन्सुलेशन चाचणीचा अहवाल. मूळ अहवाल फाइलमधून काढला. 'इन्सुलेशन रेझिस्टन्स' या रकान्यासमोर लिहिलं होतं: 'ठीक'. आकडा नाही, किती व्होल्टला मोजलं ते नाही, तारीखसुद्धा नाही. सेवा केंद्राने तो स्वीकारला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबरच होतं. नवीन यंत्रणा बसवून घेणाऱ्यांनी शेवटचा हप्ता देण्याआधी या एका रकान्यात आकडा मागून घ्यावा.

दरम्यानच्या काळात घरी दोन गोष्टी केल्या. पॅनल धुणं पूर्ण थांबवलं, कारण ओलं फडकं आणि ओला पाय हेच सगळ्यात वाईट. आणि छताच्या दाराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे ठेवली. डीसीचं बटण खाली पाडून ठेवावं का, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "पाडा की. पण त्याने वरचा फॉल्ट जाणार नाही, फक्त इन्व्हर्टर त्यातून सुटेल. आणि मग तुम्हाला आकडाही दिसायचा नाही." शेवटी आकडे लिहायचे म्हणून चालूच ठेवलं. सकाळी इन्व्हर्टरने नकार दिला की तो दिवस पूर्ण बंद ठेवायचा, असं ठरवलं. वीज थोडी बुडाली.

काका परवानाधारक कंत्राटदाराकडे काम करतात. त्यांना शोधायलाच बराच वेळ गेला. घरातलं वायरिंग करणारे पुष्कळ मिळतात, पण डीसी स्ट्रिंगवर मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारं मीटर) चालवलेला माणूस सहज मिळत नाही. फोनवर मी एक प्रश्न ठरवून विचारायचे: "मेगर करताना एसपीडीचं काय करता?" जो म्हणेल 'कार्ट्रिज काढून ठेवतो', त्याला बोलवायचं. एसपीडी म्हणजे विजेच्या लाटेपासून वाचवणारं उपकरण. त्याचं दुसरं टोक अर्थला असतं. ते जागेवर ठेवून मेगर केलं तर त्यातूनच करंट जातो आणि आकडा खोटा येतो. शिवाय खराब झालेली एसपीडी स्वतःच अर्थ फॉल्ट असल्यासारखी वागू शकते.

ऑगस्टमध्ये त्यांनी वेळ दिली, पण एका अटीवर. रात्री पाऊस झाला तरच सकाळी यायचं. कोरड्यात येऊन काही दिसणार नाही. त्यामुळे ठरलेली तारीख नव्हतीच. पहाटे मी फोन करायचा, ते मोकळे असले तर निघायचे. असं करत महिना सरत आला तेव्हा एकदाचा योग जुळला. सकाळी सातला आले. आभाळ भरलेलं, पत्रे अजून ठिबकत होते, इन्व्हर्टरवर आकडा १३ किलोओहम.

आधी एसी बंद, मग डीसीचं बटण बंद. क्लॅम्प मीटर लावून तारेत करंट शून्य आहे याची खात्री. त्यानंतरच कनेक्टर सोडवले. करंट वाहत असताना एमसी फोर कनेक्टर (पॅनलच्या तारा जोडणारा) ओढला तर तिथे ठिणगीची कमान तयार होते, ही एकच गोष्ट त्यांनी मला बजावून सांगितली. मग एसपीडीच्या कार्ट्रिज काढल्या. आता स्ट्रिंग एकटी, कशालाही न जोडलेली.

मला वाटलं होतं की आता एकेक पॅनल सुटा करत बसणार. त्यांनी फक्त तीन मापं घेतली. प्लस आणि मायनसमध्ये ४६८ व्होल्ट. प्लस आणि अर्थमध्ये ३५१. मायनस आणि अर्थमध्ये ११७. प्रत्येक मापाला प्रोब धरून ते थोडा वेळ थांबत होते. फॉल्ट नसेल तर अर्थशी घेतलेलं व्होल्टेज स्थिर राहत नाही, घसरत शून्याकडे जातं. आमचं ११७ वर रुतून बसलेलं.

"ताई, वही काढा. बारा पॅनलचे चारशे अडुसष्ट, तर एकाचे किती?"

"एकोणचाळीस."

"आणि एकशेसतरा म्हणजे?"

तीन. मायनसच्या टोकाकडून तीन पॅनल सोडून, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या तारेत फॉल्ट. ३५१ ला ३९ ने भागलं की नऊ, म्हणजे दुसऱ्या बाजूनेही हिशेब जुळतो. मला हे फार आवडलं. कुठेही न चढता, काहीही न उचकटता जागा सापडली होती. भागाकार अगदी तंतोतंत आला नाही, अडीच किंवा पावणेतीन वगैरे आलं, तर एकाहून जास्त जागी गळती असू शकते किंवा फॉल्ट एखाद्या पॅनलच्या आतच असू शकतो, असंही ते म्हणाले.

तिसरा पॅनल ही आमच्याकडे एका ओळीची अखेर आहे आणि चौथ्यापासून दुसरी ओळ. दोन ओळींना जोडणारी हातभर लांबीची केबल स्ट्रक्चरच्या खालून जाते. काकांनी पालथं पडून टॉर्च मारला. केबलला आधार देणारा प्लॅस्टिकचा टाय उन्हाने ठिसूळ होऊन तुटला होता, त्याचा तुकडा हाताने दाबला तर चुरा झाला. केबल खाली लोंबून स्ट्रक्चरच्या कापलेल्या कडेवर टेकली होती. वाऱ्याने हलत राहून तिथे काळं आवरण घासलं गेलं होतं, वरचंही आणि आतलंही. या केबलला दोन थर असतात. उघड्या पडलेल्या तारा नखाच्या कडेएवढ्या रुंदीच्या असतील, रंगाने राखाडी. समोरच्या लोखंडावर त्याच जागी पांढरट पूड आणि त्याभोवती गंजाचं वर्तुळ. कोरड्या दिवशी तार आणि लोखंड यांच्यात कागद जाईल एवढं अंतर राहत असावं. पाऊस पडला की पाण्याचा थेंब तेवढं भरून काढायचा.

टेप लावायचा प्रश्नच नव्हता. उन्हापावसात टेप टिकत नाही. सुदैवाने ही सुटी जोडकेबल होती, पॅनलची स्वतःची तार नव्हती. पॅनलची तार कापून नवा कनेक्टर लावला की वॉरंटीचा वाद उभा राहतो, तेव्हा तसं असेल तर आधी पॅनल कंपनीची लेखी परवानगी घ्यावी. नवी केबल टाकताना दोन्ही टोकांना पॅनलवर आहेत त्याच कंपनीचे कनेक्टर लावले. वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसतात, पण आत नीट पकडत नाहीत आणि तापतात. कडेवर रबरी गार्ड बसवला आणि प्लॅस्टिकऐवजी स्टीलचे, आवरण असलेले टाय लावले.

मग मेगर. किती व्होल्टला मेगर करायचं ते आयईसी ६२४४६-१ मध्ये दिलंय: स्ट्रिंगचं ओपन सर्किट व्होल्टेज (कशालाही न जोडता टोकांमध्ये मिळणारं) सव्वापट करायचं. ते १२० ते ५०० मध्ये आलं तर ५०० व्होल्टची चाचणी, ५०० च्या वर गेलं तर १००० ची. आकडा दोन्हींत किमान १ मेगाओहम हवा. आमचं पाटीवरचं व्होल्टेज ४९२, सव्वापट ६१५, म्हणून १००० व्होल्ट. ओल्या सकाळीच आकडा आला २६ मेगाओहम. हे रिपोर्टात नीट लिहून घेतलं: किती व्होल्ट, किती वेळ, हवा कशी, मीटरचा अनुक्रमांक आणि त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख.

माझ्या मते काम इथे संपलं होतं. काकांच्या मते नाही. त्यांनी प्रत्येक पॅनलच्या फ्रेमपासून अर्थच्या पट्टीपर्यंत मीटर लावून पाहिला. आठ फ्रेमनी एका ओहमच्या आत आकडा दाखवला. एका कडेच्या चार फ्रेमनी काहीच दाखवलं नाही. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर ॲनोडायझिंगचा थर असतो आणि तो वीज वाहू देत नाही. नुसता क्लॅम्प आवळला म्हणजे अर्थिंग झालं असं नसतं. तो थर फोडणारे दात असलेले वॉशर लागतात, आणि त्या ओळीत ते लावलेच नव्हते. इथे एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख झाली. इन्व्हर्टर इन्सुलेशन मोजतो ते अर्थच्या तुलनेत. फ्रेम अर्थला जोडलेलीच नसेल आणि तार त्या फ्रेमला टेकली, तर इन्व्हर्टरला काहीच कळणार नाही. लाल दिवा लागणार नाही, आकडाही छान येईल, आणि फ्रेम मात्र जिवंत. आमचा फॉल्ट अर्थ केलेल्या लोखंडावर झाला म्हणून निदान ओरडा तरी झाला. अर्थिंग चांगलं हवं ते फक्त वीज पडली तर म्हणून नव्हे. पहारेकऱ्याला दिसावं म्हणूनही. वॉशर आले, बसवले, चारही फ्रेम मीटरवर आल्या.

अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्सही तीन खुंट्यांच्या पद्धतीने मोजून घेतला. त्यात सांगण्यासारखं काही निघालं नाही.

सप्टेंबर गेला तो आरसीसीबीच्या, म्हणजे अर्थकडे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचच्या, भानगडीत. पावसाळी दिवसांत, इन्व्हर्टर चालू असताना, घरातला मुख्य आरसीसीबी अधूनमधून पडायचा. फॉल्ट काढल्यानंतरही एकदा पडला. कारण वेगळंच निघालं. पॅनल आणि त्याची अर्थ केलेली फ्रेम मिळून एक मोठा कपॅसिटर होतो आणि काच ओली असली की तो आणखी वाढतो. ट्रान्सफॉर्मरलेस इन्व्हर्टरमध्ये त्यातून थोडा करंट अर्थकडे सतत जात असतो. हा फॉल्ट नव्हे, पण आरसीसीबीला फरक कळत नाही. आमची सोलरची जोडणी घराच्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या खाली घेतलेली होती, म्हणजे घरातली बारीकसारीक गळती आणि सोलरची गळती मिळून तो उंबरठा गाठायची. शिवाय तो एसी प्रकारचा, फक्त शुद्ध एसी गळती ओळखणारा. अर्थकडे जाणाऱ्या करंटमध्ये डीसी मिसळला तर असा आरसीसीबी बधिर होतो, पडायला हवं तेव्हाही पडत नाही. ए प्रकारचासुद्धा ६ मिलिअँपिअरपर्यंतचाच डीसी सहन करतो. त्यापुढे बी प्रकारचा लागतो, आणि तो फार महाग.

मधला मार्ग कागदातून निघाला. आमच्या इन्व्हर्टरची रचना डीसी गळती बाहेर सोडणारी नाही, असं कंपनीने लेखी दिलं तर बी प्रकारची सक्ती राहत नाही. ते पत्र मिळवायला आठवडे गेले. सेवा केंद्र मॅन्युअलचं पान पाठवत राहिलं आणि मी 'या अनुक्रमांकासाठी सहीशिक्क्याचं पत्र' मागत राहिले. शेवटी मिळालं. त्यानंतर सोलरची जोडणी घराच्या आरसीसीबीच्या वर, स्वतंत्र घेतली, तिला मॅन्युअलमध्ये सुचवल्याप्रमाणे ए प्रकारचा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला, आणि घराचा ३० चा घरासाठी राहिला. तेव्हापासून तो विनाकारण पडलेला नाही. एकूण खर्चात केबल आणि वॉशर किरकोळ, माणसांची मजुरी आणि कंत्राटदाराचा दाखला हेच मोठं. बी प्रकारचा घ्यावा लागला असता तर सगळ्यांत वरचढ तोच ठरला असता.

जोडणी बदलली म्हणजे वीज कंपनीकडे नोंद करणं आलं. सुधारित सिंगल लाइन डायग्रॅम (जोडणीचा आराखडा), चाचणी अहवाल, परवानाधारक कंत्राटदाराची सही, आणि कंपनीचं ते पत्र, असा संच दिला. अर्ज एकदा परत आला, कारण डायग्रॅमवर आरसीसीबीचं रेटिंग होतं पण प्रकार लिहिला नव्हता. तुम्ही देणार असाल तर प्रकार, अँपिअर, मिलिअँपिअर, तिन्ही लिहा आणि नेट मीटरचा क्रमांक बिलावरून उतरवून घ्या. मीटरवरून उतरवताना एखादा आकडा हमखास चुकतो असं तिथल्या बाईच म्हणाल्या.

याच काळात आणखी एक गोष्ट मार्गी लावली, आणि माझ्या लेखी ती सगळ्यांत महत्त्वाची. इन्व्हर्टर बिघाडाचा मेल पाठवतो हे मला माहीत होतं, पण ते मेल कुणाला जातात? बसवणाऱ्याच्या खात्याला. यंत्रणा सुरू करताना त्याने स्वतःच्या नावावर नोंदवली होती, माझ्या ॲपला फक्त बघण्याची परवानगी. जूनपासूनच्या प्रत्येक सकाळची सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये शेकडो इतर घरांच्या सूचनांबरोबर पडून होती. खात्याची मालकी बदलायला इन्व्हर्टर कंपनीचा एक फॉर्म, खरेदीची पावती आणि बसवणाऱ्याची संमती लागली. संमती द्यायला त्याने कुरकुर केली नाही, फक्त वेळ लावला. आपल्या ॲपमध्ये 'मालक' म्हणून कोणाचं नाव आहे, ते आजच बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

ऑक्टोबरात वीज कंपनीचे साहेब तपासणीला आले. त्यांनी मेन बंद करून इन्व्हर्टर लगेच थांबतो का ते पाहिलं, नव्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, पेटीवर 'दोन्ही बाजूंनी वीजपुरवठा' अशी पाटी आहे का ते बघितलं. अहवाल चाळताना २६ मेगाओहमच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "हा ओल्यात घेतलेला का?" हो म्हटल्यावर सही केली. सगळं मिळून अर्ध्या तासाहून कमी वेळ गेला.

ते गेल्यावर काकांनी शेवटची एक चाचणी केली. ही कोणीही घरी करून बघायची नाही, त्यासाठी योग्य वॉटेजचा रेझिस्टर आणि सराव दोन्ही लागतं. डीसी बंद असताना त्यांनी मायनस आणि अर्थ यांच्यात १० किलोओहमचा रेझिस्टर जोडला, म्हणजे मुद्दाम एक फॉल्ट तयार केला, आणि इन्व्हर्टर सुरू केला. लाल दिवा लागला, ग्रिडला जोडून घेतलं नाही. काही मिनिटांत माझ्या फोनवर मेल आला, वेळ आणि आकड्यासकट. त्याची प्रिंट काढून चाचणी अहवालामागे लावली. काकांनी रेझिस्टर काढला, पुन्हा एकदा मोजलं आणि पुढच्या पावसाळ्यानंतरच्या तपासणीची वेळ लिहून घेतली.